एसएमपीएस गेला, कॉम्प्युटर वाचला

ती. बाबा आणि आई,
सा. न.

गेले काही रविवार व्हिडिओ कॉल झाला नाही आणि मोबाईलवर मी नुसतं "कॉम्प्युटर बिघडलाय" म्हणत राहिले, त्यावरून आई तुला वाटलं की मी काहीतरी लपवतेय, तर तसं काही नाही गं, खरंच बिघडला होता, एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला होता. आता सुरू झालाय. बाबांना सगळं स्टेप बाय स्टेप पाहिजे असणार म्हणून निवांत बसून लिहितेय.

झालं असं की गुरुवारी रात्री जेवून कॉम्प्युटर लावायला गेले तर बटण दाबल्यावर आतला पंखा अर्धा सेकंद हलला आणि गप्प. परत दाबलं, परत तेच. मदरबोर्डवरचा बारका दिवा मात्र छान जळतोय! माझ्या पोटात गोळाच आला कारण मला वाटलं मदरबोर्ड गेला, म्हणजे मोठा खर्च. लाईटचा संशय मला आलाच नाही, कारण इथं लाईट जातच नाही हो, जर्मनीत वर्षभरात एका ग्राहकाची सरासरी 12-13 मिनिटं लाईट जाते म्हणतात, आपल्याकडं तेवढी एका दुपारी जाते. माझ्या डोक्यात हे पक्कं बसलेलं की एसएमपीएस जळतो तो सांगलीत, स्टुटगार्टमध्ये नाही.

मग बाबा, तुमची आठवण झाली. रेडिओ असो नाहीतर आईचा मिक्सर, तुम्ही "आधी सप्लाय बघ" म्हणायचात आणि खिशातला टेस्टर काढायचात. दिवा जळतोय म्हणजे स्टँडबायचे (बंद असतानाही येणारे) 5 व्होल्ट येतायत, पण मेन 12 व्होल्ट उभे राहतायत का हे कुठं बघितलंय मी! तुम्हाला फोन केला तेव्हा तुमच्याकडं पहाटेचे साडेतीन वाजले होते, सॉरी, आणि तुम्ही झोपेतच म्हणालात एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोड, पंखा फिरतो का बघ. बाबा, आता सगळ्या वायरी काळ्याच येतात! 24 पैकी हिरवी कुठली? शेवटी नेटवर आकृती बघून पिना मोजल्या, क्लिपच्या बाजूच्या ओळीतली 16 नंबरची, तिच्या शेजारची 17 ही ग्राउंड. मेन प्लग काढला, 24 पिनचा कनेक्टर बोर्डातून काढला, त्या दोन पिनांत आकडा घातला, लोड म्हणून जुना डीव्हीडी ड्राईव्ह लावला (तुम्हीच सांगितलं होतं, बिनलोडाचं टेस्टिंग म्हणजे रिकामा ट्रॅक्टर पळवून बघणं) आणि मग प्लग घातला. पंखा हलला आणि गप्प. बोर्ड नाही, काही नाही, तरी तेच, म्हणजे दोष एसएमपीएसमध्येच, मदरबोर्डात नाही. इतका आनंद मला कधी झाला नसेल काहीतरी बिघडल्याचा.

हां, एक गंमत सांगायची राहिली. इथला प्लग गोल, दोन पिनांचा, अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना, आणि तो उलटा घातला तरी बसतो. म्हणजे फेज कुठल्या पिनेत आणि न्यूट्रल कुठल्या याला काही नियमच नाही! तुम्ही आयुष्यभर "फेज उजवीकडं" म्हणून पोरांना ओरडलात. इथं आलात तर तुम्हाला झोप नाही लागायची.

शनिवारी इथल्या रिपेअर कॅफेत घेऊन गेले. म्हणजे हॉटेल नव्हे, महिन्यातून एकदा हॉलमध्ये रिटायर्ड मंडळी मल्टिमीटर, सोल्डर गन घेऊन बसतात, लोक टोस्टर वगैरे आणतात, बाजूला केक-कॉफी. 2009 मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेला प्रकार आहे हा. तिथल्या आजोबांनी (अगदी तुमच्यासारखे, चष्मा कपाळावर) मीटर लावून तेच सांगितलं, नेत्झटाईल गेलं. एसएमपीएसला इथं नेत्झटाईल म्हणतात. मी म्हटलं उघडून कपॅसिटर बदलू या, आमचे वडील पुण्याच्या तापकीर गल्लीतून कपॅसिटर आणून बदलायचे. त्यांनी दोन्ही हात वर केले. एक तर आतला मोठा कपॅसिटर 400 व्होल्टचा असतो, प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो, आणि दुसरं म्हणजे स्टिकर फाटला की वॉरंटी गेली. वॉरंटी! चार वर्षं झालेली, मी तर सोडूनच दिली होती. दुकानाची कायद्यानं असलेली जबाबदारी दोन वर्षांची, ती कधीच संपलेली, पण बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची पाच वर्षांची होती. बिल मेलमध्ये सापडलं. बिस्किटाच्या डब्यात बिलं ठेवायची तुमची सवय मला लागली नाही, मेलनं वाचवलं.

कंपनीशी पाच मेल झाले. पहिल्यात विचारलं मागचं बटण ऑन आहे का. (आहे हो!) मग सीरियल नंबरचा फोटो, बिल, काय काय टेस्ट केली ते. पिना जोडून बघितलं असं लिहिल्यावर मात्र पटकन मान्य केलं. फक्त डबा पाठवा, केबल पाठवू नका म्हणाले, पार्सलचा खर्च माझा, आणि अडीच आठवड्यांनी नवीन आला. पण जुनं मॉडेल बंद झालेलं म्हणून दुसरं दिलं, बरोबर त्याच्या नवीन केबल.

आणि इथं मी माती खाणार होते. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या होत्या, म्हटलं कंपनी तीच, खाचाही तशाच, कशाला सगळं उसवायचं, डबा बदलला की झालं. लावली पण होती एक! मग त्या आजोबांना थँक्यूचा मेसेज केला तर त्यांचं लगेच उत्तर, केबल नवीनच लावल्या ना? कारण बोर्डाकडचं टोक सगळीकडं सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेत किती व्होल्ट याचं स्टँडर्डच नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक असू शकतो, आणि 5 च्या जागी 12 गेले की डिस्क खलास. आणि त्या डिस्कवर आजीचे सगळे फोटो आहेत बाबा. हात थरथरायला लागले माझे. सगळ्या जुन्या केबल उपसून काढल्या, रात्रीचा एक वाजला, पण पहिल्या दमात चालू झाला.

जुन्या केबल पिशवीत घालून वर मराठीत "वापरू नये" लिहून ठेवलंय. आजीचे फोटो पेन ड्राईव्हवर घेतलेत, ताई येईल तिच्याबरोबर पाठवते.

आई, लोणचं संपत आलंय. बाबा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं का? इथं आता घड्याळ एक तास पुढं गेलंय, त्यामुळं रविवारी तुमच्या साडेतीनला कॉल करते, साडेचारला नाही.

तुमची
मनू