आठ क्रेडिट आणि एक तडकलेली डिस्क

एडिसन, न्यू जर्सी
१४ मार्च २००६

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय: डिस्कच्या अदलाबदलीत बुडालेले आठ क्रेडिट परत मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

पत्र मराठीत पाहून दचकू नका. डिसेंबरपासून तुम्हाला इंग्रजीत सहा ईमेल लिहिले. सहाही वेळा तेच उत्तर आलं, अगदी स्वल्पविरामासकट. शेवटी गेल्या आठवड्यात फोन केला. पलीकडच्या मुलाने नाव 'स्टीव्ह' सांगितलं. बोलता बोलता त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, चहा आलाय!" मी म्हटलं, बाळा, आधी चहा घेऊन ये, मी थांबते. पुढची वीस मिनिटं आम्ही मराठीत बोललो आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घेतलं. त्याच्या हातात काही नव्हतं. "काकू, वरती लेखी द्या," एवढं तो म्हणाला. म्हणून हे लेखी देते आहे. त्या मुलाला मात्र यावरून काही बोलू नका.

हिशोब सरळ आहे. सप्टेंबरमध्ये तुमच्या डीव्हीडी अदलाबदलीच्या साइटवर सभासद झाले आणि घरातल्या, बघून झालेल्या ३१ डीव्हीडी तुमच्या यादीत टाकल्या. एक डिस्क दिली की एक क्रेडिट, त्या क्रेडिटवर दुसऱ्या कुणाची तरी एक डिस्क मागवायची. पोस्टाचा खर्च पाठवणाऱ्याचा, आणि दर मागणीला एक डॉलर तुमचा. मी १४ डिस्क पाठवल्या. दोघांनी 'मिळाली नाही' म्हटलं, दोन क्रेडिट कापले गेले. उरलेल्या १२ क्रेडिटवर १२ डिस्क मागवल्या. त्यांतल्या ९ आल्या, आणि त्या नवांतल्या तीन चालत नाहीत. तुमचे १२ डॉलर मात्र एकही न चुकता कार्डावरून गेले.

आधी त्या दोन कापलेल्या क्रेडिटबद्दल. पाकिटावर काय लावायचं हे तुमच्याच साइटवर लिहिलं आहे: ३७ सेंटचं एक तिकीट. डिस्क साधारण १६ ग्रॅमची, कागदी पाकिटात घातली तरी एका औंसाच्या आत बसते, त्यामुळे एक तिकीट पुरतं, हे बरोबर. पण ८ जानेवारीपासून ते तिकीट ३९ सेंटचं झालं आहे. सगळ्या अमेरिकेला कळलं, तुमच्या साइटला आज १४ मार्चलाही कळलेलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुमच्या सूचनेप्रमाणे पाठवलेलं पाकीट दोन सेंट कमी म्हणून नऊ दिवसांनी माझ्याच दारात परत आलं. तोवर क्रेडिट गेलं होतं आणि साइटवर माझ्या नावापुढे भरवशाची खूण म्हणून असलेल्या ताऱ्यांतला एकही गेला होता. दुसरी डिस्क टेक्सासला गेली. ते गृहस्थ म्हणतात आली नाही. असेलही. साध्या टपालाला पोच नसते, त्यामुळे मी काहीच सिद्ध करू शकत नाही, हे मला मान्य आहे.

पण मग माझ्याकडे न आलेल्या तीन डिस्कांचं काय? तिथे तुम्ही म्हणता, पाठवणाऱ्याने 'पाठवली' असं नोंदवलं आहे, सबब क्रेडिट परत मिळणार नाही. म्हणजे मी पाठवते तेव्हा घेणाऱ्याचा शब्द खरा आणि मी घेणारी असते तेव्हा पाठवणाऱ्याचा! या नियमात माझा शब्द नेमका कधी धरायचा असतो, तेवढं मला कळवावं. खरं तर माझं मुख्य गाऱ्हाणं हेच आहे, बाकीचं ओघाने आलं.

आता आलेल्या पण न चालणाऱ्या तीन. एक चक्क घरी उतरवलेली नक्कल, वर निळ्या मार्करने चित्रपटाचं नाव. ते नावही अर्धवट. दुसरी रीजन ५ ची, म्हणजे भारत, रशिया, आफ्रिका या भागासाठी काढलेली. माझा प्लेअर इथला, रीजन १ चा. तो तिला तोंडात घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणलेल्या हिंदी डिस्क सगळीकडे चालतात, त्यामुळे मला ही भानगड माहीतच नव्हती. तुमच्या यादीत रीजनचा रकानाच नाही, तर पाठवणाऱ्या बाईंना तरी काय दोष द्यायचा?

तिसरी तडकलेली. मधल्या भोकापासून काठापर्यंत सरळ चीर. आमच्या ह्यांचा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात गेला. त्यांनी ती दिव्यासमोर धरली आणि सांगितलं, ही अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते, नुसत्या कागदी पाकिटात घालून पोस्टाच्या यंत्रातल्या रुळांमधून वाकत गेली तर मधूनच फुटणार. पाठवणाऱ्याला जाड पुठ्ठा घालायला सांगायला तुम्हाला काही खर्च नाही. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, फोटोवरून डिस्क तीच आहे हे ठरवता येत नाही.

लहानपणी सांगलीला आमच्या दारात बोहारीण यायची. दोन जरीच्या साड्यांवर एक पातेलं द्यायची आणि वर तिसरी साडी मागायची. घासाघीस तासभर चालायची. पण आई पातेलं हातात घेऊन, बोटाने वाजवून बघायची, आणि ठोका बद्द आला की बोहारीण मुकाट्याने दुसरं काढायची. तुम्ही डॉलर घेता, पण टोपली घेऊन दारात कुणी उभं नसतं.

तेव्हा दोन कापलेले, तीन न आलेले आणि तीन निकामी, असे माझे आठ क्रेडिट परत द्यावेत आणि गेलेला तारा लावावा. क्रेडिट द्यायचे नसतील तर सहा डॉलर परत करून खातं बंद करा. न आलेल्या आणि निकामी अशा सहांसाठी तुम्ही घेतलेले तेवढे आहेत, हिशोबाबाहेरचं मी मागत नाही. कार्डाच्या बिलावरची हरकत ६० दिवसांत लेखी कळवावी लागते, त्यामुळे महिनाअखेर उत्तर आलं नाही तर फेब्रुवारीच्या बिलापुरतं ते पत्र कार्ड कंपनीला जाईल, आणि बाकीचं न्यूअर्कला, राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे. ती दोन्ही पत्रं इंग्रजीत लिहीन. आणि साइटवरचे ते ३७ सेंट आजच्या आज बदला, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नसावी.

कळावे,
आपली एक सभासद

सोबत: तडकलेली डिस्क. फोटो चालत नाही म्हणालात म्हणून मूळच पाठवते आहे. आत पुठ्ठा घातला आहे.