माणूस गेला, मुखत्यारपत्र राहिलं

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कबुली. गेल्या वर्षी तू नव्या नोकरीत अडकलीस आणि माझ्या मेलना उत्तरं येईनाशी झाली. तेव्हा मी ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, घातलं होतं. पाठवलेली मेल समोरच्याने उघडली की माझ्याकडे हिरवी खूण उमटायची. एकदा रात्री १ वाजून १० मिनिटांनी तू मेल उघडलीस. सकाळी चहा घेताना मी आईला म्हणालो, "पोरगी फार जागते." तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी गप्प.

त्यातली युक्ती नंतर समजली. मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं, ठिपक्याएवढं चित्र चिकटवलेलं असतं. मेल उघडली की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि तिथे वेळेची नोंद होते. जीमेल २०१३ पासून अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, म्हणून तू कुठे होतीस ते कळत नव्हतं. कधी उघडलीस, एवढं कळायचं. काळजीपोटी केलं खरं, पण ती पाळतच. चुकलं माझं.

दिवाळीत ते काढून टाकलं. वाटलं, मिटलं.

परवा गुगल खात्यात दुसरंच काही शोधत होतो, तर बाहेरच्या ॲपच्या यादीत तेच नाव! खाली परवानगी लिहिलेली: मेल वाचणे, लिहिणे, पाठवणे, कायमच्या पुसणे.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझी ३१ वर्षं गेली. कुलमुखत्यारपत्र दिलेल्या माणसाला घरातून हाकललं म्हणजे ते रद्द होत नाही. रद्द केल्याचा दस्त करावा लागतो, त्याला तसं कळवावं लागतं. "त्याला मी कधीच काढला होता हो, साहेब," म्हणत किती जण माझ्या टेबलापुढे रडले असतील. मी चष्म्यावरून बघत विचारायचो, "काढलात, पण रद्द केलंत का?" परवा तोच प्रश्न मला.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरमध्ये बसलेला माणूस. तो गेला. पण पहिल्या दिवशी मी न वाचताच 'परवानगी द्या' दाबलं, तेव्हा कंपनीच्या सर्व्हरला एक टोकन, म्हणजे माझ्या मेलपेटीची डिजिटल किल्ली, मिळालं. त्याला माझा पासवर्ड लागत नाही. माझा कॉम्प्युटर बंद असला तरी अडत नाही.

ही नुसती म्हाताऱ्याची भीती नव्हे. नकोशा जाहिरातींच्या मेल फुकट बंद करून देणारी अनरोल.मी नावाची अमेरिकन सेवा आहे. तिची मालक कंपनी लोकांच्या मेलमधल्या 'लिफ्ट' या उबरच्या प्रतिस्पर्धी टॅक्सी कंपनीच्या पावत्या वेचून, नावं गाळून, ती माहिती उबरला विकत होती, हे २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणलं. 'तुमच्या खासगी मेलना हात लावणार नाही' असं सांगून ग्राहकांना भुलवलं, असा ठपका २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला.

मी त्या यादीतून प्रवेश रद्द केला, दोन मिनिटांचं काम. मात्र आधी जे नेलं असेल ते त्याने पुसलं जात नाही. म्हणून खातं आणि माझ्या मेलच्या नकला काढून टाका, असं कंपनीला वेगळं लिहिलं. उत्तर अजून नाही.

तुला हे सांगतोय, कारण माझ्या मेलपेटीत तुझंही बरंच काही आहे. पासपोर्टची प्रत, घरभाड्याचा करार, त्या तापाच्या वेळचे रिपोर्ट. कागद तुझे, अंगठा मी उठवला. त्यांनी काय पाहिलं ते मला माहीत नाही. पाहता आलं असतं, एवढं तुला माहीत असायला हवं. तुझ्या खात्यातली यादीही एकदा बघ, तुम्ही पोरं तर दिसेल तिथे 'गुगलने साइन इन' दाबता. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय निवड. मग माझ्यासारख्यांची हिरवी खूण उमटायची नाही.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहून डिंकाच्या लाडवांच्या डब्यात ठेवतोय. डबा कधी उघडलास ते तू कळवलंस तरच कळेल. येताना तो परत आण, आईचा आहे.

तुझा,
बाबा