पदकाच्या अर्जाआधी नोंद शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजय दिवसाच्या आसपास दरवर्षी माजी सैनिकांच्या पदकांविषयी पत्रे छापून येतात. एकाहत्तरला सीमेवर होतो पण डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत) स्टारची, म्हणजे त्या लढाईच्या पदकाची, नोंद नाही, थेट राष्ट्रपतींपर्यंत अर्ज केले, उत्तर नाही, असा त्यांचा सूर असतो. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. अर्ज मात्र असा लिहिलेला असतो की त्यावर कोणत्याही कारकुनाला काहीच करता येऊ नये. पुणे जिल्ह्यात पुरंदर, भोर, खेड, जुन्नर अशा तालुक्यांतून फौजेत गेलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपले प्रकरण कुठल्या जातीचे, हे आधी ठरवावे. पदक मिळाले, छातीवर लागले, पण रेकॉर्डला चढले नाही, हा एक प्रकार. युनिटमधल्या बाकीच्यांना मिळाले, आपणही त्याच तारखांना तिथेच होतो आणि आपले नाव राहून गेले, हा दुसरा. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी वीर चक्रासाठी किंवा सेना मेडलसाठी नाव पाठवले होते पण पुढे काही झाले नाही, हा तिसरा. पहिले दोन म्हणजे नोंदीतली दुरुस्ती. कागद असतील तर ती होते. तिसऱ्यात दुरुस्त करण्यासारखी नोंदच नसते. शौर्यपदकाची शिफारस ठरावीक मुदतीत युनिटपासून पायरीपायरीने वर जाते आणि मंजूर झाली तर राष्ट्रपती सचिवालयाच्या अधिसूचनेने भारताच्या राजपत्रात छापली जाते. तिथे नाव नसेल तर पन्नास वर्षांनी ती शिफारस उघडा म्हणण्यातून सहसा काही निघत नाही. कोणाचे शौर्य किती मोठे हे सैनिकांच्या तक्रारी ऐकणारे सशस्त्र दल न्यायाधिकरणही शक्यतो स्वतः ठरवायला बसत नाही. तिन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात कालवली की तिसऱ्यापायी पहिली दोनही अडकतात.

मग पदकाचे नाव. 'युद्धाचे मेडल' या नावाचे कुठलेही पदक नाही. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल आहे. १९७१ साठी तीन आहेत: पूर्व आघाडीचा 'पूर्वी स्टार' (३ ते १६ डिसेंबर १९७१), पश्चिम आघाडीचा 'पश्चिमी स्टार' (३ ते १७ डिसेंबर) आणि 'संग्राम मेडल', ज्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ पासून थेट २० डिसेंबर १९७२ पर्यंत जातो. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार वेगळा, ऑपरेशन विजय मेडल वेगळे. त्यामुळे डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे आणि स्टार नाही, यात चूक असेलच असे नाही. डिसेंबरच्या त्या पंधरवड्यात माणूस ट्रेनिंग सेंटरला किंवा रजेवर असू शकतो. अर्जात सिद्ध करायचे ते एवढेच की त्या तारखांना मी अमक्या युनिटच्या तमक्या कंपनीत, अमक्या सेक्टरमध्ये हजर होतो. बाकी मजकूर कितीही हृदयद्रावक असला तरी फाइलला त्याचा उपयोग नाही.

नावे गळाली कशी, हे कळले की कागद कुठे शोधायचा तेही कळते. १९७१ ची पदके जाहीर झाली १९७३ मध्ये. युनिटने मेडल रोल (पदकास पात्र सैनिकांची यादी) तयार करेपर्यंत कोणी दुसऱ्या युनिटला पोस्टिंगवर गेलेला, कोणी हॉस्पिटलात, कोणी पेन्शनवर. जुन्या युनिटला वाटले नवे युनिट नाव घेईल, नव्याला वाटले जुन्याने घेतले असेल. लढाईच्या वेळी दुसऱ्या युनिटशी 'अटॅच' असलेले ड्रायव्हर, सिग्नलमन, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी यांची नावे सर्वांत जास्त राहतात, कारण ते ज्यांच्याबरोबर लढले त्यांच्या नफरीत (पटावरच्या संख्येत) ते नव्हतेच.

फौजेतली कुठलीही नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने चढते. गावाकडच्या भाषेत सांगायचे तर पार्ट टू म्हणजे फेरफार आणि शीट रोल, म्हणजे सैनिकाच्या सेवेचा मूळ नोंदपट, हा सातबारा. फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर नाव येत नाही, मग जमीन तुमच्या ताब्यात असो वा नसो. पोस्टिंग, रजा, हॉस्पिटल, बढती, लग्न, पदक, सगळ्याचा पार्ट टू निघतो. म्हणून पदकाचा पार्ट टू नसला तरी पोस्टिंगचा पार्ट टू सापडला तर अर्धे काम झाले: अमुक तारखेला युनिटमध्ये आला, अमुक तारखेला गेला, मधल्या काळात युनिट लढाईच्या क्षेत्रात होते.

अडचण वयाची आहे, माणसाच्या आणि कागदाच्याही. पेन्शन न घेता आलेल्या सैनिकांची सेवापत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. साठच्या दशकात भरती होऊन काही वर्षांत घरी आलेल्यांना 'डॉक्युमेंट्स डिस्ट्रॉइड' असे छापील उत्तर येते आणि ते तिथेच थांबतात. थांबू नये. कागद नष्ट झाले तरी 'लाँग रोल' ठेवला जातो. त्यात नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख एवढे असतेच. उलटपत्री लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत मागावी.

घरातले पुरावे शोधताना डिस्चार्ज बुकाचे प्रत्येक पान, कोरी पानेसुद्धा, स्कॅन करावे. जुनी रजेची चिठ्ठी, मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलची स्लिप, त्या महिन्यातले शिक्का असलेले फौजी पोस्टाचे पत्र, हे सगळे चालते. त्या काळचा एक कागद आजच्या दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो. पदक हातात असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट किंवा कोअर बारीक अक्षरांत उमटवलेले असते. तोच पुरावा आहे. दसऱ्याला चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून पदके लखलखीत करण्याची पद्धत घरोघरी दिसते. कृपा करून करू नका, सर्वांत आधी झिजतात ती कडेवरची अक्षरेच. आणि कॅम्पातल्या दुकानातून विकत घेतलेल्या पदकाची कड कोरी असते, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

कागद नसलाच तर साथीदारांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत, पण त्याच कंपनीतल्या किंवा निदान त्याच युनिटमधल्या दोघांची. प्रत्येकाने आपला नंबर, हुद्दा, सेवाकाळ लिहून स्वतःच्या डिस्चार्ज बुकातले पदकांचे पान जोडावे आणि अर्जदाराला कुठे, कोणत्या कामावर पाहिले ते सांगावे. 'ते शूर सैनिक होते, मी ओळखतो' असे प्रतिज्ञापत्र नोटरीच्या शिक्क्यासकट फुकट जाते.

अर्ज जायचा तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे इथेच खडकीला, तोफखान्याचे नाशिकरोड कॅम्पला, आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला, गार्ड्सचे कामठीला, महारचे सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला, मेडिकल कोअरचे लखनौला. नौदलाच्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दहून चालते. अधिकाऱ्यांचे रेकॉर्ड दिल्लीला असते. पंतप्रधान, संरक्षणमंत्री, राष्ट्रपती यांना पाठवलेला अर्ज फिरून याच टेबलावर येतो, मधले महिने तेवढे वाया जातात. युनिटचे रूपांतर झालेले असेल तर जास्त काळजी घ्यावी. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री उभी राहिली ती बरीचशी जुन्या पायदळ पलटणींतून. २१ मराठा १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. अशा वेळी जुने आणि नवे, दोन्ही नावे लिहून दोन्ही रेकॉर्ड ऑफिसांना विचारावे.

नंबरचा घोळ तर फारच सामान्य आहे. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की त्याला नवा जेसी (ज्युनियर कमिशन्ड) नंबर मिळतो. मेडल रोल जुन्या नंबरवर, पेन्शन नव्या नंबरवर, आणि संगणकात शोधणारा नव्या नंबरवर शोधून 'नो रेकॉर्ड' लिहून मोकळा होतो. दोन्ही नंबर द्यावेत, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. नावाचे स्पेलिंग डिस्चार्ज बुकात आहे तसेच लिहावे, आधार कार्डावरचे नव्हे. फरक असेल तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानाचा असावा. त्यात तीन मागण्या पुरतात: अमुक पदकाच्या मेडल रोलमध्ये माझ्या नावाची पडताळणी करावी, नाव राहिले असल्यास पात्रता तपासून पार्ट टू ऑर्डर काढावी व पदक द्यावे, नाव आहे पण नोंद नाही असे आढळल्यास शीट रोल आणि डिस्चार्ज बुकात दुरुस्ती करावी. रजिस्टर पोस्टाची सेवा आता स्पीड पोस्टात मिसळली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. पुढे मुदत मोजायची ती अर्ज पाठवल्याच्या तारखेपासून.

कागदच हातात नसतील तर आधी माहिती अधिकार. सैन्यदले या कायद्याबाहेर आहेत हा सार्वत्रिक गैरसमज आहे. बाहेर आहेत ती सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आसाम रायफल्स यांच्यासारखी दले. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'मला पदक का दिले नाही' असे विचारले तर 'माहिती या व्याख्येत बसत नाही' हे उत्तर ठरलेले आहे. मागावे ते कागद: माझा शीट रोल, लाँग रोलमधील नोंद, डिसेंबर १९७१ च्या मागच्या-पुढच्या सहा महिन्यांतल्या माझ्याविषयीच्या पार्ट टू ऑर्डर, मेडल रोलमधील माझ्या नावाची ओळ. युनिटच्या वॉर डायरीसाठीही (लढाईच्या काळातली रोजची नोंदवही) वाट थोडी मोकळी झाली आहे. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक अभिलेख साधारण २५ वर्षांनी गोपनीयतेतून मोकळे करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे आहेत.

जखमींचे प्रकरण वेगळे. पराक्रम पदक, ज्याला फौजेत 'वूंड मेडल' म्हणतात, ते शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेल्या जखमेसाठी असते. सगळे अडते ते 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईत जखमी) की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणाने जखमी) या एका शब्दावर. लढाईच्या धामधुमीत हॉस्पिटलच्या कागदावर नुसते 'उजव्या पायाला जखम' लिहिले गेले आणि कारण लिहिलेच नाही, अशी उदाहरणे बरीच आहेत. अशांनी मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग मागवावी. त्यात जखम कशी झाली याचा रकाना असतो. अवयव गमावलेल्यांना आणखी एक धागा इथे पुण्यातच आहे. १९४४ पासून चालू असलेल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये उपचार झाले असतील तर तिथल्या जुन्या कागदावर जखमेची तारीख आणि कारण सापडू शकते. ही दुरुस्ती केवळ मानाची नाही. जखम युद्धातली ठरली तर साध्या अपंगत्व पेन्शनऐवजी वॉर इंज्युरी पेन्शनचा प्रश्न येतो.

पैशाचा असाच प्रश्न सेना मेडलमध्ये आहे. हे पदक शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. मासिक भत्ता, १ ऑगस्ट २०१७ पासून २,००० रुपये, फक्त शौर्यासाठीच्या पदकाला आहे (वीर चक्राला ७,०००). डिस्चार्ज बुकात नुसते 'सेना मेडल' लिहिलेले असते. राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रत काढली की कोणत्या कारणासाठी ते स्पष्ट होते. ती जोडून रेकॉर्ड ऑफिसमार्फत प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून सुधारित पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून घ्यावा लागतो. 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर स्वतः बदल टाकून हे काम होत नाही. सैनिक हयात नसल्यास पत्नी अर्ज करू शकते, मात्र तिच्या लग्नाचा पार्ट टू आणि नावाचे स्पेलिंग आधी तपासावे. पदकापेक्षा तिथेच जास्त फाइली अडतात.

सहा महिन्यांत रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर आले नाही किंवा नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. तिथेही सहा महिन्यांची मुदत आहे आणि उशीर झाल्यास त्याची कारणे द्यावी लागतात. आधी रेकॉर्ड ऑफिसकडे मागणी न करता थेट तिथे गेले तर अर्ज बहुधा परत येतो.

एक मागणी इथल्या कार्यालयांकडे. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय घोरपडीला आहे आणि जिल्हा कार्यालयात प्रत्येक माजी सैनिकाची नोंदणी होतेच. त्याच वेळी डिस्चार्ज बुकातली पदकांची पाने स्कॅन करून ठेवावीत आणि रकाना कोरा दिसला तर लाँग रोलच्या प्रतीचा अर्ज जागेवर भरून घ्यावा. तालुक्याच्या मेळाव्यात शाल-श्रीफळाच्या टेबलाशेजारी या कामासाठी एक टेबल आणि इंग्रजी संक्षेप वाचता येणारा एक निवृत्त क्लार्क बसवला तरी चालेल. एकाहत्तरला विशीत असलेले आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत आणि प्रतिज्ञापत्र देऊ शकणारे साथीदार दरवर्षी कमी होत आहेत.

आपला,
माजी सैनिकांच्या कागदपत्रांचे काम पाहणारा एक वाचक,
वानवडी, पुणे