इंजिन बदलू द्या, पण तपासून

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बुलेटचे फटाके वाजवणारे सायलेन्सर रोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात येतात, ते बरोबरच आहे, रात्री अकराला तो आवाज झाला की आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं दचकून उठतात. पण "मॉडिफाय" या एकाच शब्दात सगळ्यांना घातलं जातंय आणि त्यात आमच्यासारख्यांची जुनी गाडी अडकून पडलीय, म्हणून हे पत्र.

आमची हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा वडिलांनी 1985 ला घेतली. त्यात इंजिन अँबॅसिडरमधलंच, 1489 सीसी, पन्नासेक हॉर्सपॉवर, आणि गाडी केवढी लांब आणि जड. पुण्याहून येताना खंबाटकीत टेम्परेचरचा काटा वर गेला की वडील गाडी कडेला घ्यायचे, बोनेट उघडायचं, आम्ही भावंडं दगडावर बसून राहायचो, कुणी रेडिएटरला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. तरी त्या गाडीवर जीव होता सगळ्यांचा, आजही आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागात आमच्या दारातली गाडी छतापर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर स्पार्क प्लग काढले तर भोकातून गाळ आला. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, उघडला, सिलिंडरमध्ये नव्या नळ्या म्हणजे स्लीव्ह टाकल्या, हजारभर किलोमीटर चालली आणि परत ऑइल दुधाच्या चहासारखं झालं, म्हणजे पाणी मिसळतंय, ब्लॉकलाच चीर. तिथं मी ठरवलं की आता चारच्या जागी सहा सिलिंडरचं इंजिन.

लोक म्हणतात हा पोरखेळ आहे. तसं नाहीये. कॉन्टेसा ही मुळात इंग्लंडची व्हॉक्सहॉल, एफई मालिकेतली, आणि त्याच बॉडीत व्हॉक्सहॉलनं 1972 पासून व्हेन्टोरा नावानं 3294 सीसीचं एका रांगेतलं सहा सिलिंडर इंजिन घालून गाड्या विकल्या. बोनेटखाली ती एवढी मोकळी जागा उगीच नाहीये. आपल्याकडं चार सिलिंडर आले तेच त्या गाडीला कमी होते. मी घेतलं ते टोयोटाचं 2जेझेड, बिगर टर्बोचं, 2997 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 86 मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावपण 86च, ब्लॉक बिडाचा. एका रांगेतल्या सहा सिलिंडरात पिस्टनचे झटके एकमेकांना मारून टाकतात, म्हणून थरथर जवळजवळ नसतेच. स्टँडवर पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आमच्या फिटरनं हेडवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही, त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

काम सगळं इथल्याच माणसांनी केलं, मिरज आणि कुपवाडच्या लेथवर. गिअरबॉक्स इंजिनसोबतच आला होता त्यामुळं तो प्रश्न मिटला, पण ऑइलचा सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खाली क्रॉस मेंबरवर, गाडीच्या आडव्या पट्टीवर, टेकत होता. तो कापून नव्या आकारात वेल्डिंग केला, मग बाहेरून सगळ्या जोडावर खडूची पूड फासली, आत रॉकेल भरलं आणि रात्रभर ठेवला. सकाळी एका कोपऱ्यात खडूवर टाचणीच्या टोकाएवढा ओला डाग, म्हणजे तिथं गळती. परत वेल्डिंग, परत खडू, परत रॉकेल. तिसऱ्या रात्री कोरडा राहिला. जुना पेट्रोल पंप कार्बोरेटरपुरता, इंजेक्शनला तीनेक बार प्रेशर लागतं म्हणून टाकीत नवा पंप आणि रिटर्न लाईन. प्रोपेलर शाफ्ट छोटा करून बॅलन्स केला. आणि हे मी मुद्दाम लिहितो, इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक, पुढच्या स्प्रिंगा आणि मागचा ॲक्सल बदलला, कारण दोनशेच्या वर हॉर्सपॉवर पन्नासच्या ब्रेकवर सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. जो पोरगा नुसतं इंजिन टाकून बायपासला गाडी पळवतो त्याची गाडी धरा, मी स्वतः म्हणतो धरा.

आता अडचण. आरटीओत नव्या इंजिनाची नोंद करायला गेलो तर खिडकीवर सांगितलं होणार नाही. आधी विचारायला हवं होतं हे मान्य. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी फरक पडेल असा बदल चालत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. विंटेजच्या 2021 च्या नियमात जावं तर गाडी 50 वर्षांवरची पाहिजे आणि इंजिन मूळचं पाहिजे. ते योग्यच आहे, दुर्मिळ गाडी जशीच्या तशी राहिली पाहिजे, तिला कुणी कटर लावू नये. पण ज्या गाडीचं मूळ इंजिन पुरानं खाल्लं तिचं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवलं तर आरसीवर चढतं, पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायलाही मंजूर किटचा रस्ता आहे, म्हणजे मूळ तपशील बदलायची सोय सरकारनंच केलीय. मग पेट्रोलच्या जागी पेट्रोल इंजिनाला तपासणी का नको? ब्रेक मोजा, वेल्डिंग बघा, धूर मोजा, वाढीव टॅक्स घ्या. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं गाडीची ओळख ठरवायला गुण होते, मूळ चासी किंवा बॉडीला 5 आणि इंजिनाला फक्त 1, म्हणजे गाडीची ओळख इंजिनापेक्षा बॉडीत जास्त. चोरीचं इंजिन असेल ही आरटीओची भीती खरी आहे, त्यासाठी कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा, नंबर जुळवा. वाहनं तपासणारी एआरएआय पुण्यातच आहे. आणि असा रस्ता निघाला तर आमच्या लेथवाल्यांना, वेल्डरना लपूनछपून नाही, बिल देऊन काम करता येईल.

गाडी दीड वर्ष शेडमध्ये उभी आहे, रस्त्यावर काढलेली नाही कारण इंजिनाचा नंबर आरसीशी जुळत नसताना अपघात झाला तर समोरच्याला विम्याचे पैसे मिळायला अडचण येईल, ते मला नकोय. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करतो. कागद, बिलं, सम्पच्या वेल्डिंगचे फोटो सगळं फाईलला आहे. कुणी तपासायला तयार असेल तर टोचन लावून पुण्यापर्यंत न्यायची तयारी आहे.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली