‘टाकी आढळली नाही’ या तुमच्या अहवालाबद्दल तक्रार

प्रति,
मालक, टाकी-तपासणी कंपनी,
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

दिनांक : १९ मे २०२५

महोदय,
स. न. वि. वि.

तुमची जाहिरात आम्ही गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत वाचली होती. ‘घर घेण्याआधी आपल्या माणसाला विचारा’ असं तीत मराठीत छापलं होतं, म्हणून ही तक्रारही मराठीत लिहिते आहे. इंग्रजी पत्र वकिलांकडून वेगळं येईल.

जून २०२० मध्ये आम्ही एडिसनमधलं १९५६ साली बांधलेलं घर घेत होतो. घर तापवणारा फर्नेस गॅसचा होता. पण त्या वयाची इथली किती तरी घरं आधी तेलावर तापत असत आणि गॅसची जोडणी आल्यावर तेलाची टाकी तशीच जमिनीत सोडून दिली जाई, हे आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. विकणारे मूळ मालकाचे वारस होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणून तुम्हाला ३२५ डॉलर देऊन बोलावलं. कोविडचे दिवस, आम्ही गाडीत बसून पाहत होतो. तुमच्या माणसाने मागचं अंगण आणि दोन्ही बाजू जमिनीखालची टाकी शोधणारं यंत्र फिरवून पंचवीस मिनिटांत उरकल्या. अहवाल एका पानाचा : ‘मालमत्तेवर जमिनीखाली टाकी आढळली नाही.’ त्या एका ओळीच्या भरवशावर आम्ही घर घेतलं.

यंदा घर विकायला काढलं. एप्रिलमध्ये खरेदीदारांनी त्यांचा तपासनीस आणला. तो अंगणात गेलाच नाही, आधी बेसमेंटमध्ये उतरला. विजेरी घेऊन पुढच्या भिंतीशी वाकला आणि सिमेंटने बुजवलेली दोन बारीक तांब्याच्या नळ्यांची तोंडं त्याने आम्हाला दाखवली. एक टाकीतून बर्नरला तेल आणणारी, दुसरी उरलेलं परत नेणारी. मग बाहेर येऊन नेमका त्याच भिंतीच्या पलीकडे, यू झुडपांच्या मागे गेला. तिथला मल्च (झुडपांखाली पसरलेला लाकडाचा भुसा) हाताने बाजूला सारला तर जमिनीच्या सपाटीला कापलेला लोखंडी पाइप. त्यानंतर त्याने यंत्र लावलं, ते फक्त टाकी कुठून कुठवर आहे हे आखायला. अर्धा तासही लागला नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे सासरे २०२२ मध्ये आले होते. आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. त्यांनी त्या नळ्या पाहून विचारलं होतं, “सूनबाई, हे कशाचं कनेक्शन तोडलंय?” मी म्हणाले, “बाबा, घराची सगळी तपासणी झालीय.” तुमचा कागद हातात होता, म्हणून मी त्यांना गप्प केलं. ते अजूनही फोनवर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि तेच जास्त लागतं.

पुढचं तुमच्या धंद्यातलं असल्याने थोडक्यात लिहिते. टाउनशिपचं परमिट काढलं, खणण्याआधी कळवायच्या ८११ नंबरला कळवून जमिनीखालच्या लायनींवर खुणा करून घेतल्या आणि टाकी वर काढली. ५५० गॅलनची, म्हणजे दोन हजार लिटरहून मोठी, लोखंडी. तळाला गंजून टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलेली. खालच्या मातीला डिझेलसारखा उग्र वास. त्याच दिवशी राज्याच्या पर्यावरण खात्याच्या हॉटलाइनला कळवावं लागलं आणि केस नंबर पडला. आता माती खणून न्यायची, नमुने प्रयोगशाळेत द्यायचे आणि खात्याचं ‘नो फर्दर अॅक्शन’चं, म्हणजे आता आणखी काही करायला नको असं, पत्र मिळेपर्यंत थांबायचं. टाकी काढायला २,४०० डॉलर गेले, माती साफ करण्याचा अंदाज ३१,००० चा आहे. खरेदीदार करार मोडून गेले. विमा कंपनी म्हणते, तेल भूजलात किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं असेल तर बोलू, तुमच्या अंगणातली माती पॉलिसीत बसत नाही. आणि तेलासारख्या गळतीच्या सफाईची जबाबदारी ठरवणाऱ्या, न्यू जर्सीच्या १९७६ च्या स्पिल कायद्यापुढे, टाकी आम्ही पुरली नाही, तिच्यातलं थेंबभर तेल कधी जाळलं नाही, हे सांगून आमची सुटका होत नाही. जमीन आज आमच्या नावावर आहे.

तुमच्या ऑफिसने फोनवर दोन उत्तरं दिली. पहिलं, काँक्रीटखाली किंवा धातूच्या वस्तूंजवळ यंत्राला मर्यादा येतात. मान्य. पण टाकी काँक्रीटखाली नव्हती, झुडपांखाली होती, आणि तिथे यंत्र नेलंच नाही. तुमच्याच नकाशात तपासलेला भाग तुटक रेषांनी दाखवलाय, पुढचं अंगण त्या रेषांच्या बाहेर आहे. मग अहवालात ‘पुढचा भाग तपासलेला नाही’ एवढे चार शब्द का नाहीत? ते असते तर आम्ही आणखी शंभर डॉलर देऊन झुडपं छाटून घेतली असती आणि टाकी काढण्याचा खर्च विकणाऱ्यांच्या गळ्यात गेला असता. शोधलं आणि सापडलं नाही, ही एक गोष्ट. तुम्ही शोधलंच नाही.

दुसरं उत्तर, करारानुसार तुमची जबाबदारी फीपुरतीच. ३२५ डॉलर परत घ्या आणि विषय संपवा, असं तुमच्या मॅनेजरने सांगितलं. त्या कलमाचं काय करायचं ते वकील बघतील. पण कराराच्या मागच्या बाजूच्या राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांची जाहिरात तुम्ही स्मरणिकेत केली नव्हती.

मला हवं आहे ते असं. त्या दिवशीची यंत्राची मूळ नोंद आणि तुमच्या माणसाने काढलेले फोटो पाठवा. तुमच्या व्यावसायिक दायित्व विम्याची माहिती द्या आणि त्या विमा कंपनीला हा दावा स्वतःहून कळवा. टाकी आणि मातीच्या खर्चाचा वाटा किती उचलणार हे ६ जूनपर्यंत लेखी सांगा. करारभंगाचा दावा लावायला न्यू जर्सीत सहा वर्षं मिळतात, त्यातलं एक वर्ष हातात आहे. स्मॉल क्लेम्स कोर्टाची मर्यादा ५,००० डॉलर आणि त्याच्या वरच्या स्पेशल सिव्हिल कोर्टाची २०,०००, आमचा आकडा दोन्हींच्या वर जातो, त्यामुळे प्रकरण छोट्या कोर्टात मिटेल अशा हिशेबात राहू नका.

खड्डा अजून उघडा आहे, भोवती नारिंगी जाळी लावली आहे. तुमच्या माणसाला बघायला पाठवायचं असेल तर शुक्रवारच्या आत पाठवा, सोमवारी ट्रक येतोय. बेसमेंटमधल्या नळ्या मात्र आहेत तिथेच आहेत, त्या कधीही बघता येतील.

आपली,
जून २०२० ची ग्राहक

सोबत : तुमच्या अहवालाची व नकाशाची प्रत, नळ्यांचे फोटो, टाकी काढल्याचं बिल, माती-सफाईचा अंदाज