'नो'च्या आकड्यात काय काय मोजले गेले

महोदय,

14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात ऑस्ट्रेलियाने आदिवासींना राज्यघटनेत जागा नाकारली, असे एका ओळीत सांगितले जाते. निकाल तोच आहे, पण मतपत्रिकेवर विचारले काय होते, तेही पाहायला हवे.

चौकट एकच. त्यात इंग्रजीत 'येस' किंवा 'नो' लिहायचे. 'व्हॉइस' ही संस्था स्थापून मूळ रहिवाशांना मान्यता देणारी घटनादुरुस्ती मंजूर आहे का, असा प्रश्न. सगळी मेख 'स्थापून' या शब्दात! मान्यता हवी, पण संस्था नको असे वाटणाऱ्याला वेगळी चौकट नव्हती. असा मतदार 'नो'तच मोजला गेला.

या संस्थेला नकाराधिकार मिळणार नव्हता. आदिवासींशी संबंधित विषयांवर संसदेला आणि सरकारला म्हणणे कळवायचे, एवढेच. रचना आणि कामकाज संसदच ठरवणार होती. मग घटना कशाला, साधा कायदा करा, असे पुष्कळांनी म्हटले. त्यांनी 'अ‍ॅट्सिक'चे काय झाले ते आठवावे. आदिवासींनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची ही संस्था 1990 मध्ये कायद्याने सुरू झाली आणि 2005 मध्ये कायद्यानेच गुंडाळली गेली. घटनेत नोंद असती, तर 'व्हॉइस'ची रचना बदलता आली असती, ती मोडीत काढता आली नसती. माझे मत 'येस'ला गेले ते याच कारणाने. 'आधी तपशील दाखवा' हा आक्षेपही मला पटला नाही. तिथले हायकोर्ट, म्हणजे देशातले सर्वोच्च न्यायालय, 1901 च्या घटनेत होते, पण ते उभे राहिले 1903 च्या कायद्याने; म्हणजे तपशील मागून आला.

कलम 128 प्रमाणे देशभरात बहुमत लागते आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत. इथे सुमारे 60 टक्के मते विरोधात गेली, सहाही राज्ये विरोधात. होकार आला तो फक्त राजधानीच्या प्रदेशातून, आणि तो राज्यांत धरत नाहीत. आजवरच्या 45 प्रस्तावांपैकी 8 संमत झाले, दोन्ही मोठ्या पक्षांच्या पाठिंब्याशिवाय एकही नाही. 1967 मध्ये आदिवासींविषयीच्या दुरुस्तीला 90 टक्क्यांहून अधिक मते पडली, कारण संसदेत तिला कोणी विरोधच केला नव्हता. 2023 च्या एप्रिलमध्ये या दोन पक्षांपैकी एकाने, विरोधी बाकांवरच्या लिबरल पक्षाने, विरोध जाहीर केला, तिथेच गणित बिघडले.

नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशाचा एकूण कौल 'नो'च होता, पण तिथल्या दुर्गम वस्त्यांत फिरत्या पथकांनी मतदान घेतले. तिथले बहुतेक मतदार आदिवासी, आणि तिथे 'येस' मोठ्या फरकाने पुढे होते. 60 टक्के छापताना त्याशेजारी हेही छापावे, ही विनंती.

— ऑस्ट्रेलियातील एक मराठी मतदार