क्लॅम्प सोडल्यावर काय होतं

प्रिय सोनू,

काल तू विचारलंस ना, की लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये त्याच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या क्लॅम्पने (चिमट्याने) दाबून रक्त मस्त थांबलेलं असताना सर दर 15 मिनिटांनी क्लॅम्प का सोडतात, उगाच परत ओझिंग (रक्त झिरपणं) सुरू होतं, ते फोनवर अर्धवटच राहिलं म्हणून लिहितेय.

ही असं दाबण्याची युक्ती, प्रिंगल मॅन्युव्हर, जुनीच आहे, ग्लासगोच्या प्रिंगलने 1908 साली लिहिली, तीही मार लागून फुटलेल्या लिव्हरसाठी. लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक आर्टरी दोन्ही एकदम दाबल्या की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपत जातं, आत सोडियम कॅल्शियम साठतं, पेशी फुगते, हे तर तुला पाठच असेल. पण खरा घोळ रक्त परत आल्यावर होतो गं! उपाशी माणसाला एकदम पंगतीला बसवावं तसं, मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाघरात) सक्सिनेट नावाचं अर्धवट जळलेलं इंधन साचलेलं असतं आणि ऑक्सिजन आला की ते भसकन जळतं, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स सुटतात, मग कुप्फर सेल्स (लिव्हरमधल्या पहारेकरी पेशी) चेकाळतात, त्या न्यूट्रोफिल्सना (पांढऱ्या पेशींना) बोलावतात, आणि सायनुसॉइडच्या (लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) भिंती सुजल्यामुळे क्लॅम्प काढूनसुद्धा काही भागात रक्त पोचतच नाही. फॅटी लिव्हरमध्ये तर सायनुसॉइड आधीच दबलेले, म्हणून तिथे अजून वाईट.

म्हणून 15 मिनिटं दाबायचं, 5 मिनिटं सोडायचं. थोडं ब्लीडिंग परवडतं, लिव्हर गेलेलं परवडत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे प्रीकंडिशनिंग, म्हणजे आधी थोडा वेळ रक्त तोडून पेशींना तयार करणं, 1986 मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर दिसलं की आधी 5-5 मिनिटांचे छोटे झटके दिले तर नंतरच्या मोठ्या इस्केमियात (रक्त तुटण्यात) कमी स्नायू मरतो. लिव्हरमध्ये 10 मिनिटं क्लॅम्प, 10 मिनिटं सोडून मग मोठा क्लॅम्प असं करून बघितलं, काही ट्रायल्समध्ये एन्झाइम कमी वाढले, पण पेशंटला सगळीकडे ठळक फायदा दिसला असं नाही, त्यामुळे मी तरी त्यावर फार भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा आम्ही भूलतज्ज्ञ सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) खाली ठेवतो त्याने मुळात क्लॅम्पच कमी लागतो (याचं श्रेय तुम्ही सर्जन लोक कधी देत नाही, ते जाऊ दे).

ट्रान्सप्लांटला तर आमची खरी कसोटी. पोर्टल व्हेनवरचा क्लॅम्प सोडला की नव्या लिव्हरमधलं थंड, पोटॅशियमवालं पाणी हृदयात येतं, बीपी 30 टक्क्यांच्यावर पडलं तर त्याला पोस्ट-रीपर्फ्यूजन सिंड्रोम म्हणतात, म्हणून आधी ग्राफ्ट (बसवायचं लिव्हर) धुऊन घेतात, कॅल्शियम हाताशी तयार असतं आणि सर्जनला आम्ही सांगतो, हळू सोडा. मशीन पर्फ्यूजन, म्हणजे काढलेल्या लिव्हरमधून मशीनने द्रव फिरवणं, मात्र मला खरंच पटलंय. युरोपात 2021 मध्ये हृदय थांबल्यानंतर काढलेल्या लिव्हर्सना लावण्याआधी गार ऑक्सिजनवालं द्रव फिरवलं तर पित्तनळ्या आखडण्याचं प्रमाण 18 वरून 6 टक्क्यांवर आलं. कारण तेच, सक्सिनेट थंडीत हळूहळू जळून जातं, गरम रक्त येईपर्यंत उरतच नाही फारसं. आपल्याकडे बहुतेक लिव्हिंग डोनर (जिवंत दाते) असतात, दोन्ही ओटी (ऑपरेशन थिएटर) शेजारी, थंडीतला वेळ कमी, तेवढा आपला फायदा.

उद्याच्या केसला क्लॅम्पची वेळ तू स्वतः मोठ्याने सांगत जा, सर ओरडणार नाहीत. आणि बायोप्सीत फॅट किती टक्के आलं ते रात्री मला कळव, एन्झाइमशी ताडून बघू.

आई